दोन्ही पाय टेकले पाहिजेत

प्रिय आसावा,

चावाकालीच्या बाजारातून केळी आणि कांदे घेऊन लोडवारकडे जाणारा ट्रक तुमच्या रस्त्याच्या कामावरच्या छावणीपाशीही थांबतो, हे मला परवा कळलं. ड्रायव्हर बरा माणूस दिसला. पत्र म्हटल्यावर आधी हसला, "बाई, हल्ली पत्र कोण लिहितं?" म्हणाला, पण मग शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचं कबूल केलं. मी तरी काय करू? तू टेकडीवर चढून फोन करतोस आणि मला ऐकू येतो तो निम्मा वाराच. मागच्या वेळी तू बराच वेळ काहीतरी रंगात येऊन सांगत होतास, त्यातलं 'उंट' आणि 'आंघोळ' एवढंच माझ्यापर्यंत पोचलं. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध असावा याचा मी अजून विचार करते आहे. मला जे सांगायचंय ते असं मध्येच तुटलं तर भलताच अर्थ निघेल. म्हणून सावकाश लिहिते. तूही सावकाश वाच, आणि शक्यतो सावलीत बसून.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचे गुडघे सकाळी कुरकुरतात, दुपारी चालतात. अव्होकॅडो यंदा इतके लागलेत की लोक शेजाऱ्याच्या दारात गुपचूप टोपली ठेवून पळतात. फ्रेंड्स चर्चच्या छताला हिरवा रंग दिला, तो निम्म्यावर संपला, म्हणून उरलेलं छत निळं आहे. तुमच्या भाड्याच्या बोडा-मोटरसायकलींच्या थांब्यावर चोगोच अजून चेअरमन आहे. निवडणुकीचा विषय निघाला की त्याला लगेच कुठलंतरी लांबचं भाडं मिळतं. आणि हो, मी बाईक घेतली. विजेवर चालणारी. माझी स्वतःची. मी चालवते. आता हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मग पुढे ये.

हसू नकोस म्हणणार नाही, कारण तू हसणारच. शाळेच्या मैदानावरची ती दुपार तुला आठवली असणार. मी गुरांची डॉक्टरीण म्हणून या टेकड्यांवर नवीन होते, आणि रोज तुझ्या मागे बसून गोठ्यागोठ्यांवर जाता जाता मला वाटलं, यात काय एवढं अवघड आहे? तू म्हणालास, "बस की मग." तुझ्या त्या पेट्रोलच्या धुडावर मला अक्षरशः उचलून ठेवावं लागलं. एक पाय हवेत आणि दुसऱ्याचा अंगठा कसाबसा गवताला लागतोय. तू मागून धरून ओरडत होतास, "पाय टेक, मिनायो, पाय टेक!" आणि मी ओरडत होते, "टेकायला तो तिथपर्यंत पोचायला नको का?" मग आपण तिघं, म्हणजे तू, मी आणि गाडी, मास्तरांच्या कुंपणात गेलो. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं की मोटरसायकल हा लांब तंगड्यांच्या माणसांचा प्रांत आहे. आपण मागे बसावं. तसं मागे बसण्यात काही वाईट नव्हतं. फक्त माझ्या उंचीला मागे बसून पुढचं काही दिसत नाही. इतकी वर्षं मी आपल्या टेकड्या तुझ्या पाठीच्या डावीकडून किंवा उजवीकडूनच पाहिल्या. मधला तुकडा कायम तुझ्या तपकिरी जाकिटाचा.

तू त्या रस्त्याच्या कामावर गेल्यावर मी थांब्यावरच्या ज्याची गाडी मोकळी असेल त्याच्या मागे बसू लागले. पोरं वाईट नाहीत. पण त्यांच्यासाठी मी एक भाडं. वाटेत दुसरं गिऱ्हाईक दिसलं की तेही घ्यायचं, मग मी मध्ये, माझी वीर्याच्या नळ्यांची थंड बरणी मांडीवर, आणि मागे कुणाची तरी पिठाची गोणी. एकजण तर म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुम्ही एवढ्याशा, पुढे टाकीवर बसा ना, मग मागे दोघं मावतील." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे पूर्ण रस्ताभर माझी क्षमा मागितल्यासारखी गाडी चालवत होता. हेही चाललं असतं. पण मुडाकीची गाय अडली त्या दिवशी मी थांब्यावर उभीच राहिले. सगळ्या गाड्या एका लग्नाला गेलेल्या. चालत निघाले, अर्ध्या वाटेत कुणीतरी घेतलं. पोचले तेव्हा वासरू गेलेलं होतं. मुडाकी चांगला माणूस, मला एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या बायकोने हात धुवायला पाणी दिलं, साबण दिला, वर चहाही दिला. तो चहा तसाच ठेवून मी निघाले. घरी येताना वाटलं, दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं, हे आता बास.

माझी भाची इमाली किसुमूला असते, तुला माहीतच आहे, तोंडाळ आहे पण डोक्याने तेज. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मावशी, विजेची घे. गिअर नाही, क्लच नाही, लाथ मारून चालू करायची नाही. मूठ पिळली की झालं." मी म्हटलं, "आणि पाय?" ती म्हणाली, "ते तुझे तूच घेऊन ये." अशी सुरुवात झाली.

पहिल्या दुकानात विकणारा मुलगा जिराफासारखा उंच. त्याने सगळ्यात मोठी, सगळ्यात चकचकीत गाडी पुढे केली. मी विचारलं, माझ्या उंचीला जमेल का? "मॅडम, एकदा चालायला लागली की पाय कुणाला लागतात?" म्हणाला. बरोबर आहे बाबा, पण थांबायचं असतं ना कधीतरी! बसले. दोन्ही पायांचे नुसते चवडे लागत होते. तेवढ्यावर त्याने स्टँड काढला, आणि गाडी सावकाश, अगदी सभ्यपणे, डाव्या बाजूला झुकायला लागली. मी झुकले, गाडी झुकली आणि खाली तो मुलगा सापडला. त्याने ती झेलली हे खरं, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर म्हणतो, "मॅडम, बुटात जाड तळवा घाला." इमाली म्हणाली, "त्यापेक्षा तूच थोडा बुटका होतोस का?" आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात मी शहाणी होऊन गेले. म्हटलं, सगळ्यात बुटकी गाडी दाखवा. त्यांनी एक स्कूटर दाखवली. सीट खरंच खाली होती, कागदावर लिहिलेल्या उंचीने मी खूशच झाले. पण बसले तर पुन्हा पाय अधांतरी! मला कळेचना. मग इमालीने मागून पाहिलं आणि ओरडली, "मावशी, तू कोंबडी अंडी उबवायला बसते तशी दिसतेयस!" सीट पसरट होती रे. मांड्या फाकल्या की पायांची लांबी तिथेच संपते. सीट बुटकी असून भागत नाही, पुढून अरुंदही लागते. शिवाय त्या स्कूटरची चाकं एवढी एवढीशी, पोट जमिनीला लागलेलं. किसुमूच्या डांबरावर ठीक, पण आपल्याकडच्या खडकांवर ती पहिल्याच दिवशी पालथी पडली असती. त्या दिवशी आम्ही तळ्याकाठी बसून तळलेला मासा खाल्ला आणि मी इमालीला म्हटलं, "जाऊ दे. माझ्या मापाचं काही बनवतच नाहीत." ती म्हणाली, "तुझ्या मापाचे गमबूट मिळायला किती दिवस लागले होते? मिळाले ना शेवटी?" पोरगी माझीच भाची आहे.

तिसऱ्या वेळी गेले ती आवूर नावाच्या बाईच्या दुकानात. दुकान कसलं, पुढे गाड्या आणि मागे कारखाना. ती स्वतःच माझ्यापेक्षा फार तर चार बोटं उंच. मी कोण, कुठे राहते, काय काम करते, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "आज नुसती बघून जा. पुढच्या वेळी गमबूट घालून ये, आणि रोज जेवढं सामान नेतेस तेवढं घेऊन ये. चर्चला जायच्या चपला घालून गाडी निवडायची नसते." मग मी खरंच सगळं लटांबर घेऊन गेले, बरणी, औषधांची पेटी, दोऱ्या, सगळं. तिने ते मागे बांधलं, मला बसवलं आणि आधी चालवायलाच दिली नाही. म्हणाली, "दोन्ही पाय पूर्ण टेक. टाचासुद्धा. आता मागे ढकल." दुकानासमोर थोडा चढ आहे, तिथे चढाकडे तोंड करून उभी केली, मग उताराकडे. "आता उतर आणि बाजूने चालत ने. आता पाडून दाखव, आणि उचल." पाडायला मला आवडलं. उचलताना दम लागला, पण उचलली. दोन गाड्या तिथेच बाद झाल्या, त्या मला उचलल्याच नाहीत. तिसरी थोडी जुन्या धाटणीची, लाल रंगाची, मधून अरुंद, चाकं चांगली मोठी. बॅटरी खाली, पायांच्या मध्ये, त्यामुळे वजन वर झोकांड्या खात नाही. तीही एक मोठी नाही, दोन लहान. "एक मोठी बॅटरी तू काढून घरात नेशील का रोज? खोटं सांगू नकोस," आवूर म्हणाली. मी खोटं सांगितलं नाही. सीट मात्र दोन बोटं उंच पडत होती. तिने गादीवाल्याकडून आतला स्पंज पुढच्या बाजूला तासून घेतला आणि मागचे शॉक एक घर खाली घेतले. "याच्या खाली नको, नाहीतर तुमचे दगड हिचं पोट फाडतील." पुन्हा बसले. आसावा, दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. गाडी चालूसुद्धा नव्हती. इमालीला वाटलं मला चक्कर आली.

पैशांचं जमलं, त्याचं पुराण इथे नको. गाडी टेंपोतून थांब्यावर उतरली तेव्हा चोगोने तिच्याभोवती एक फेरी मारली. "ही गाडी आहे की शिवणयंत्र?" मग म्हणाला, "वीज गेली की काय करणार, डॉक्टरीणबाई? गाईला जुंपणार?" मी म्हटलं, "गाय दमली तर तुला बोलावीन." सगळा थांबा हसला. पण खरं सांगते, त्याच चोगोने पुढे मला शिकवलं. रविवारी प्रार्थना सुटल्यावर, त्याच मैदानावर. अख्खं चर्च कुंपणाला टेकून बघत होतं, गायकवृंद तर गाण्याच्या निळ्या झग्यांमध्येच. पहिल्यांदा मूठ पिळली तेव्हा काहीच आवाज आला नाही, म्हणून आणखी पिळली, आणि गाडी मला घेऊन निघाली ती थेट लाकडी फळ्यांच्या वर्गापर्यंत. पण पाय टेकले! दोन्ही! गाडी उभी राहिली, मी उभी राहिले, आणि पाद्रीबुवांनी चक्क टाळ्या वाजवल्या. परीक्षा पहिल्या खेपेला पास झाले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्याबरोबर मोठं कुणी नाही आलं का?" मी चव्वेचाळीस वर्षांची आहे म्हटल्यावर त्यांनी घाईघाईने शिक्का मारला.

एक गंमत राहिलीच. हिला आवाजच नाही. पायवाटेने खाली येताना कोंबड्यांना कळत नाही, म्हाताऱ्यांना तर मुळीच कळत नाही. लुगालिया आजोबांनी मला मागे पाहून अशी उडी मारली की त्यांचा सायटिका बरा झाला म्हणतात. दर वळणावर हॉर्न वाजवायला मला लाज वाटते. म्हणून मी गाते. उतार आला की स्तोत्र सुरू. आता लोक गाणं ऐकून गोठ्याचं दार उघडतात. तुला माझा आवाज माहीत आहे, तेव्हा लोकांच्या सहनशक्तीचं कौतुक कर.

आणि आता तुझ्या आईकडची गोष्ट. ती तुला फोनवर तुकड्यातुकड्यांत कळली असेल, पण सगळी कळली नसणार. गेल्या महिन्यात पेट्रोलच्या टँकरवाल्यांचा संप झाला. तीनच दिवसांत सगळे पंप कोरडे. थांब्यावर गाड्या ओळीने उभ्या आणि पोरं पत्ते खेळत बसलेली. मी सकाळपासून फिरतीवर होते, कारण त्या दिवसांत फिरणारी मी एकटीच. दुपारी तुझ्या आईचा फोन आला. तुझी आई फोनवर कधी घाईत बोलत नाही, त्या दिवशी नमस्कारसुद्धा केला नाही. "डॉक्टरीण, चेबेटचं वासरू अडलंय. एक पाय दिसतोय. एकच." नांदीच्या बाजारातून तू आणलेली ती चेबेट, तुझ्या आईची एकुलती एक गाय. मी बॅटरीकडे पाहिलं. फार उरली नव्हती. एम्बालेच्या केंद्रावर जाऊन भरलेली बदलून घ्यावी तर वेळ जाणार, आणि न बदलता जावं तर तुमच्या घराच्या आधीची ती खडकांमधली खडी चढण. मुडाकीच्या गोठ्यात मी उशिरा पोचले होते, ते मनातून गेलं नव्हतं. मी सरळ निघाले. थांब्यावरून जाताना चोगो पत्ते टाकून उभा राहिला. "कुठे?" मी "आसावाच्या आईकडे" म्हटलं. त्याने रस्ता मोकळा करून दिला आणि समोरून येणाऱ्या हातगाडीवाल्याला ओरडला, "बाजूला हो, डॉक्टरीण चाललीय!"

चढणीच्या मध्यावर गाडी धापा टाकायला लागली. आवाज नसतो, पण धापा कळतात. मूठ पूर्ण पिळलेली आणि वेग माणसाच्या चालण्याएवढा. मोठ्या गाडीवर असते तर तिथेच आडवी झाले असते. मी पाय टेकले, उतरले, आणि मूठ थोडीशीच पिळत बाजूने चालायला लागले. माझं वजन उतरल्यावर ती चालली. दोघी चालत वर गेलो, मी ओढतेय की ती मला ओढतेय कळत नव्हतं. तुझी आई फाटकाशी उभी होती. म्हणाली, "गाडीवर बसून येतात ना गं?" आणि गोठ्याकडे वळली.

चेबेट आडवी पडलेली, डोळे पांढरे. वासराचं डोकं वाटेवर होतं, एक पुढचा पाय बाहेर, दुसरा आत गुडघ्यात मुडपलेला. गाईने कळ दिली की हात पिळवटून निघतो, तुला सांगते, हाडं मोजता येतात. माझे हात लहान, त्याचा अशा वेळी उपयोग होतो. कळ ओसरली की वासराला थोडं मागे सारायचं, खूर मुठीत धरायचा म्हणजे आतून फाटणार नाही, आणि पाय पुढे घ्यायचा. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा आला. मग दोरी लावली, एका टोकाला मी आणि दुसऱ्याला तुझी आई, तिच्या त्या गुडघ्यांसकट. चेबेटने असा जोर केला की आम्ही दोघी गवतावर बसलो आणि वासरू आमच्या पायांत. हालचाल नाही. नाक पुसलं, तोंडात बोट घालून चिकट काढलं, गवताची काडी नाकपुडीत घातली. तुझी आई म्हणत होती, "शिंक, माझे आई, शिंक." आणि ती शिंकली! कालवड आहे. कपाळावर पांढरी चांदणी आहे, बाकी आईसारखी. थोड्या वेळाने उठली, पडली, उठली आणि कासेला लागून चीक प्यायली. चेबेट तिला चाटत होती आणि मी गोठ्याच्या दाराशी बसून उगाचच रडत होते.

आता निघायचं तर बॅटरी रिकामी. पेट्रोलची गाडी असती तर मी हात धुऊन, चहाचा एक घोट घेऊन निघाले असते, तुझ्याबरोबर असताना नेहमी तसंच व्हायचं. तू फाटकात इंजिन चालू ठेवून उभा, आणि मी "येते मावशी" म्हणत पळणार. त्या दिवशी पळायची सोयच नव्हती. मी चार्जर काढला. तुझ्या आईने रेडिओचा प्लग काढून तिथे लावू दिला. "हिला किती वेळ पाजावं लागतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत. ती म्हणाली, "मग कोंबडी कापते." नको नको म्हणेपर्यंत कोंबडी कापलेलीसुद्धा होती. सगळी दुपार आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो. मक्याच्या पिठाची उगाली, रस्सा, म्रेंडाची पालेभाजी. तिने तुझ्या लहानपणीचे प्रकार सांगितले, तू चहाच्या मळ्यातून साप पकडून शाळेत नेला होतास तेही. तुझ्या गेलेल्या बायकोबद्दलही बोलली, किती हसायची, आजारात शेवटी शेवटी कशी झाली होती. तू याबद्दल मला कधी एवढं सांगितलं नव्हतंस. मग भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून, ती म्हणाली, "मला बरीच वर्षं वाटायचं, या बाईने माझ्या मुलाला नुसता ड्रायव्हर म्हणून ठेवलंय."

मी म्हटलं, "मावशी, मी दर खेपेला भाडं देत होते."

"ते माहितीये. तो घेत होता हेच मला खटकायचं." मग ती वळली. "त्याने जायच्या आधी तुला लग्नाचं विचारलं. मला सांगितलंय त्याने. तू हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. विचार करते म्हणालीस. हे बघ बाळ, मी काही जबरदस्ती करायला बसले नाही. पण आता तुझ्याकडे तुझी गाडी आहे. वाहनाची सोय झाली आणि माणूस नको असेल, तर तसं त्याला कळव. तिकडे वाळूत बसवून ठेवू नकोस." मी हातातलं ताटच पुसत राहिले. मग तिलाच माझी दया आली असावी. गोठ्याकडे हात करून म्हणाली, "आणि हवा असेल, तर ती कालवड तुझ्या देजात देईन. तुझ्या भावांना सांग, चांदणी असलेली आहे, घासाघीस करू नका म्हणावं." एवढं बोलून तिने मला तिखट घातलेले शेंगदाणे दिले, जणू काही झालंच नाही. तुझी आई मला आवडते, आसावा. आधी मी तिला घाबरायचे.

संध्याकाळी निघाले. ऊन उतरलं होतं, टेकड्यांवरून खाली किसुमूकडचं तळं पितळेसारखं दिसत होतं. मला ते तिथून दिसतं हेच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी गायले नाही, त्यामुळे दोन बकऱ्या घाबरल्या.

तू मला विचारलंस तेव्हा तू बसच्या दारात उभा होतास आणि कंडक्टर ओरडत होता. मी "विचार करते" म्हटलं, आणि तुझा चेहरा पाहिला. तुला वाटलं असेल, मला तू आवडत नाहीस, किंवा तुझी पहिल्या बायकोची मुलगी, तुझं वय, लोक काय म्हणतील असं काहीतरी आड येतंय. तसं काहीच नव्हतं. मला फक्त एक कळत नव्हतं. इतकी वर्षं माझं सगळं काम, माझं जाणं, माझं येणं तुझ्यावर होतं. तू आलास की मी बाहेर, तू नाहीस की मी घरात. त्यात मला तू हवा होतास की तुझी गाडी, हे मी कशावरून ओळखणार होते? नुसती सोय म्हणून तुला हो म्हटलं असतं तर तुझ्यावर अन्याय झाला असता आणि माझ्यावरही. आता मी कुठेही जाऊ शकते. खडकांच्या चढणीवर, संपाच्या दिवशी, कुणालाही न विचारता. आणि ती कालवड शिंकली तेव्हा मनात पहिलं आलं ते हेच, की हे आसावाला सांगायला हवं. फाटकाबाहेर तू नव्हतास, याचं वाईट वाटलं. घरी जाता येणार नव्हतं म्हणून नाही, तू नव्हतास म्हणूनच. तेव्हा माझं उत्तर हो आहे. आईंना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला. काम संपलं की ये, किंवा त्याआधी सुट्टी मिळाली तर त्याआधी ये. मला कुठेही पोचवायचं नाहीये तुला. नुसता ये.

तुझीच,
मिनायो